लोहपरीक्षेची कुळकथा

मुळशी तालुक्याच्या पश्चिम अंगाला, ताम्हिणीच्या बाजूच्या रानात वावरणाऱ्या माणसाला हे अनुभवाने ठाऊक असते की, कच्चा हिरडा कोयत्याने कापला की थोड्याच वेळात पात्यावर निळसर काळा डाग उमटतो आणि तो नुसत्या पाण्याने सुटत नाही. क्षारांतील मूलके ओळखण्याची जी विद्या आज महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून शिकविली जाते, तिच्यातील लोहपरीक्षेचे कूळ शोधू गेल्यास ते या डागापाशी येऊन पोहोचते.

हिरड्यात टॅनिन हे कषाय द्रव्य विपुल असते आणि लोहाच्या आयनाशी त्याचा संयोग झाला म्हणजे तो काळा रंग निर्माण होतो. काजळाच्या शाईबरोबरच हिरडा आणि हिराकस यांची शाई आपल्याकडे परिचित होती ती याच गुणामुळे. हिराकशीतील लोह फेरस अवस्थेत असल्याने ही शाई बोरूतून प्रथम फिकी उतरते. मग हवेतील प्राणवायूने लोहाचे फेरिक रूप होऊ लागले की अक्षर कागदावरच गडद होत जाते.

कारागिराचे साध्य असलेला हा रंग साक्षीदार म्हणून प्रथम कोणी उभा केला, याचा जुना लेखी दाखला इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याच्याकडे मिळतो. तांब्यापासून होणाऱ्या जंगालात व्यापारी हिराकस मिसळीत. ती लबाडी उघड करण्यासाठी हिरड्यासारख्याच टॅनिनयुक्त मायफळाच्या काढ्यात भिजविलेल्या पपायरसावर माल लावून पाहावा, तो काळा पडला की भेसळ सिद्ध झाली, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. आजच्या परीक्षापत्राचा हा मूळ पुरुषच होय, आणि तो विद्वानांच्या जिज्ञासेतून नव्हे तर बाजारातील फसवणुकीच्या तपासातून जन्मला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे 1685 साली रॉबर्ट बॉइलने खनिज जलांवरील आपल्या ग्रंथात झऱ्यांच्या पाण्यातील लोह हुडकण्यासाठी मायफळाचाच आधार घेतला.

या साक्षीदारात एक वैगुण्य मात्र होते. मुळशीची तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडानेच रंगलेली, तरी ती हिरड्याच्या पाण्यात कालवून लगेच शाई होत नाही. लोह ऑक्साइडात बद्ध असून पाण्यात उतरत नाही. ते उतरविण्यासाठी माती हायड्रोक्लोरिक आम्लात तापवावी, तर पिवळसर द्रावण मिळते खरे, परंतु तीव्र आम्लात टॅनिनचा काळा रंग टिकतच नाही. म्हणजे ज्या आम्लावाचून लोह मोकळे होत नाही, तेच आम्ल त्याची साक्ष पुसून टाकते.

ही अडचण दूर झाली ती एका अपघाताने. 1706 च्या सुमारास बर्लिनमधील रंगकार डीसबाख हा किरमिजी किड्यांपासून लाल रंग सिद्ध करीत असता, प्राणिज तेलाने दूषित झालेले पोटॅश त्याच्या हाती आले आणि लालाऐवजी गर्द निळा रंग खाली बसला. त्या मिश्रणातही लोह आले होते ते हिराकशीतूनच. 1752 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ माकेर याने या निळ्या रंगावर अल्कलीची क्रिया करून पिवळे द्रव्य वेगळे काढले. तेच आपले पोटॅशियम फेरोसायनाइड. फेरिक लोह असलेल्या द्रावणात त्याचा थेंब पडताच तो निळा अवक्षेप पुन्हा प्रकट होतो आणि सौम्य आम्लात तो विरघळत नाही. मातीच्या त्या पिवळसर द्रावणात फेरोसायनाइडाचे दोन थेंब टाकावेत, म्हणजे परीक्षानळी निळीने भरून जाते.

1822 साली जर्मन रसायनज्ञ ग्मेलिन याने तांबडे फेरिसायनाइड शोधले आणि हिराकशीतल्या फेरस लोहालाही स्वतंत्र निळी साक्ष लाभली. तेव्हापासून लोह आहे की नाही एवढ्यावर न थांबता, ते कोणत्या अवस्थेत आहे, याचीही रुजवात दोन बाटल्यांनी होऊ लागली. मात्र फेरसची परीक्षा ताज्या द्रावणावरच करावी लागते, कारण शाईला काळी करणारी हवा बाटलीतल्या हिराकशीलाही सोडीत नाही.