छत्रीचं आत्मवृत्त आणि रोममधला एक मुलगा

गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. भाची पाचवीत आहे. तिला शाळेत आत्मवृत्त लिहायला दिलं होतं, फाटक्या छत्रीचं. "मामा, सांग ना, छत्री काय म्हणेल?" मी आपला धडाधड सांगून मोकळा झालो. आधी दुकानात होते, मग एका घरी आले, मग वादळात काड्या मोडल्या, आता माळ्यावर पडून आहे, वस्तूंची कदर करा, समाप्त. तिने लिहूनही टाकलं. मग पेन चावत म्हणाली, "पण मामा, हे तर तूच बोलतोयस. छत्री कुठे बोलली?"

आता यावर काय बोलणार? श्रीखंड खाल्लं आणि गप्प बसलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. लहान मुलांना दुसऱ्याच्या तोंडून बोलायला शिकवायचं, हा उद्योग माणसाने सुरू केला तरी कधी?

फार जुना आहे. ग्रीक आणि रोमन जगातल्या शाळांमध्ये भाषण शिकण्याआधी काही ठरावीक प्राथमिक धडे गिरवावे लागत. गोष्ट सांगणं, वर्णन करणं, स्तुती करणं असे टप्प्याटप्प्याने. त्यातच एक धडा होता ईथोपोइया. म्हणजे एखाद्या पात्राचा स्वभाव शब्दांतून उभा करायचा. प्रश्नाचा साचा ठरलेला: "अमुक प्रसंगी अमुक माणूस काय बोलेल?" मुलंबाळं डोळ्यांदेखत मेलेली नायोबी काय बोलेल? जन्मात समुद्र न पाहिलेला माणूस पहिल्यांदा समुद्र पाहून काय बोलेल? शेतकऱ्याने पहिल्यांदाच जहाज पाहिलं तर? (हा शेवटचा विषय मला भयंकर आवडला. आपल्या बोर्डाच्या पेपरात खपून जाईल!)

चौथ्या शतकातल्या ॲफ्थोनियसने तर सरळ कृतीच देऊन ठेवली आहे. आधी वर्तमान, मग भूतकाळ, मग भविष्य. आत्ता काय कोसळलंय, पूर्वी दिवस कसे होते, पुढे काय वाढून ठेवलंय. त्याचं पुस्तक इतकं टिकलं की सोळाव्या शतकातही युरोपातल्या शाळांत त्याची लॅटिन भाषांतरं चालत होती. आपलं आत्मवृत्त थेट तिकडून आलं असा माझा दावा नाही, पण साचे बघा किती जुळतात. माझ्या छत्रीनेही दुसरं काय केलं होतं?

अलेक्झांड्रियाच्या थेऑन नावाच्या शिक्षकाचं म्हणणं मला जास्त पटतं. तो म्हणतो, लिहिण्याआधी बघा की बोलणारा कोण आहे. वय काय, बाई की पुरुष, गुलाम की स्वतंत्र, सैनिक की शेतकरी, कुठला राहणारा. स्पार्टाचा माणूस मोजकं आणि टोकदार बोलेल, अथेन्सचा लांबण लावेल. शिवाय समोर ऐकणारा कोण, हेही बघा. थोडक्यात, तोंड उघडण्याआधी चौकशी करा. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात निम्मे घोळ याच एका गोष्टीमुळे होतात. ज्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा त्याला कुणी भेटलेलंच नसतं. असो.

हे सगळं कशासाठी? तर मुलं पुढे वकिली करणार, राजकारणात जाणार म्हणून. रोममधला नामांकित शिक्षक क्विंटिलियन म्हणतो की दुसऱ्याच्या भूमिकेतून बोलणं हा सगळ्यांत अवघड प्रकार. सिसेरोने पाँपेसाठी आणि इतरांसाठी भाषणं लिहिली तेव्हा प्रत्येकाची परिस्थिती, मान, कर्तृत्व लक्षात घेऊन लिहिली, असा दाखलाही तो देतो. त्याच्याही आधी अथेन्समध्ये लिसियास होता. तिथे ज्याचा खटला त्यानेच बोलायचं, त्यामुळे लिसियास लोकांना भाषणं लिहून देई. त्याच्या नावावरचं एक भाषण एका अपंग माणसाचं आहे. त्याला रोज एक ओबोल, म्हणजे अगदी चिल्लर, सरकारी मदत मिळे. विरोधक म्हणतो, हा घोड्यावर बसतो, कसला अपंग? त्यावर हा गडी म्हणतो की ऐपत असती तर खोगीर घातलेल्या खेचरावर आरामात बसलो असतो. नाही, म्हणून मागून आणलेल्या घोड्यावर बसतो. हे माझ्यासारख्या धडधाकट माणसाला घरी बसून सुचणार नाही. लिहिणाऱ्याने आधी त्या माणसाचं नीट ऐकून घेतलं असणार.

मात्र शाळेत याचं काय व्हायचं, ते संत ऑगस्टीनने आपल्या आत्मचरित्रात सांगून ठेवलंय. लहानपणी त्याला जूनो देवीच्या तोंडचं भाषण करायला दिलं होतं. ट्रॉयच्या राजाला इटलीत पोचण्यापासून रोखता आलं नाही म्हणून ती संतापलेली आणि दुःखी. चांगलं झालं तर शाबासकी, नाहीतर बेअब्रू, शिवाय छड्यांची भीती. याने टाळ्या मिळवल्या. मोठेपणी तो म्हणतो की ते सगळं धूर आणि वारा होतं. डिडो राणी मेली म्हणून आपण रडायचो, पण आपली स्वतःची काय अवस्था आहे याबद्दल डोळ्यांत टिपूस नव्हतं, असंही तो लिहितो.

आणि आता तो रोममधला मुलगा. क्विंटस सल्पिशियस मॅक्सिमस. इ.स. ९४ साली, सम्राट डोमिशियनने सुरू केलेल्या कॅपिटोलाइन स्पर्धेत हा पोरगा ५२ ग्रीक कवींमध्ये उभा राहिला. वय अकरा. आयत्या वेळी ग्रीक कविता रचून म्हणायची होती. त्याची कविता म्हणजे आपल्या साच्यातलाच धडा: सूर्यदेव हेलिऑसने फेथॉनला रथ दिला म्हणून झ्यूस त्याला काय बोलेल? गोष्ट माहीत असेलच. फेथॉन हा हेलिऑसचा मुलगा. सूर्याचा रथ हाकायचाच म्हणून हटून बसला, बापाने लगाम दिले, घोडे आवरेनात, पृथ्वी जळायला लागली आणि शेवटी झ्यूसने वज्र टाकून पोराला मारलं. अकरा वर्षांचा मॅक्सिमस झ्यूस होऊन एका बापाला झापतो, की झेपणार नाही ते पोराच्या हातात दिलंसच का?

बक्षिसाचं माहीत नाही, पण तो सन्मानाने परतला. आणि थोड्याच काळात वारला. वय ११ वर्षं, ५ महिने, १२ दिवस.

आईवडिलांनी थडगं बांधलं. त्यावर हातात गुंडाळी घेतलेला मुलगा कोरला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ती सगळी कविता. का, तर आम्ही आंधळ्या मायेपोटी कौतुक करतोय असं कुणाला वाटू नये म्हणून. पुढे शहराची तटबंदी बांधताना हे थडगं एका बुरुजाच्या पोटात गेलं आणि १८७१ साली सालारिया दरवाजा पाडताना पुन्हा बाहेर आलं. आज रोमच्या पियाझ्झा फियुमे चौकात त्याची प्रतिकृती आहे.

थडग्यावर खाली आणखी ग्रीक ओळी आहेत. त्यांत मुलगा स्वतः बोलतो. सांगतो की आजाराने आणि थकव्याने मला संपवलं, कारण सकाळ असो की रात्र, विद्येपासून मी मन कधी दूर नेलंच नाही.

हे त्याने लिहिलेलं नाही, उघड आहे. तो गेल्यावर कुणा मोठ्या माणसाने त्याच्या तोंडी घातलं. म्हणजे पुन्हा तोच धडा: "आमचा मेलेला मुलगा काय बोलेल?" आणि त्या उत्तरातही तो तक्रार करत नाही. थकलो म्हणतो, पण दोष कुणाला देत नाही. वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. पोराला झ्यूसचं बोलणं येत होतं. त्याचं स्वतःचं बोलणं मात्र आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

मला वाटतं, खोट त्या धड्यात नाही. थेऑनची पहिली अट गाळली की मग आपलंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेणं तेवढं उरतं. थडग्यावर तेच झालं असेल. परवा छत्रीच्या बाबतीत मी तेच केलं.

बुधवारी भाचीला फोन केला. म्हटलं, माळ्यावरची खरी छत्री खाली काढ, उघडून बघ, कुठे फाटलीय, कोण वापरायचं ते आजीला विचार. आणि मग तू लिही, मी सांगणार नाही. ती म्हणाली, "पण बाईंना मुद्दे लागतात रे मामा, नाहीतर मार्क जातात." शेवटी तोडगा तिनेच काढला. माझी छत्री शाळेला दिली आणि तिची वहीच्या मागच्या पानावर लिहिली.

ती मला अजून दाखवलेली नाही. मीही मागितलेली नाही.