विटेवरचा देव आणि उंबऱ्याबाहेरची बाई



आषाढी जवळ आली की आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब जरा लवकर उरकतो आणि बोलणं वारीवर येतं. कोण जाणार, कुणाच्या दिंडीत जाणार, मागे गुरांचं कोण बघणार. यंदाच्या बैठकीत मात्र आमच्यातल्या एका काकूंनी एक प्रश्न विचारला आणि सगळ्या गप्प झाल्या.

गेल्या सालच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी आरतीचं ताट धरायला काकू पुढे झाल्या होत्या. कुणीतरी हळूच ते ताट त्यांच्या हातातून काढून घेतलं. "तुम्ही नका, सवाष्णींना धरू द्या," एवढंच म्हणाल्या. काकूंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. त्या दिवशी काकू काही बोलल्या नाहीत. या बैठकीत बोलल्या. "पंढरपुरात मी देवाच्या पायावर डोकं ठेवते, तेव्हा मला कुणी काही विचारत नाही. मग गावातल्या विठोबाला मी का चालत नाही? देव दोन आहेत का?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही पुस्तकं आणली, मास्तरांना विचारलं, कीर्तनकार बुवांना विचारलं. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी देवाचं रूप बघू. आपण रोज बघतो, पण नीट बघत नाही. विठोबाच्या हातात धनुष्य नाही, तलवार नाही. तो कुणाला मारत नाही, कुणावर रागावलेला नाही. दोन्ही पाय जुळवून विटेवर उभा आहे, हात कमरेवर. गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पुंडलिक आईबापाची सेवा करत होता, देव दाराशी आला, पुंडलिकाने वीट सरकवली आणि म्हणाला, थांब. देव थांबला, तो अजून थांबलाय. गोष्ट खरी घडली का, हे इतिहासात शोधून सापडणार नाही. पण लोकांनी आपल्या देवाची कोणती गोष्ट शेकडो वर्षं सांभाळली, हाही इतिहासच आहे. या गोष्टीत घरातली सेवा आधी होते आणि देव दारात वाट बघतो. म्हाताऱ्या सासूचं अंथरूण बदलणाऱ्या बाईला हा देव आपला वाटला, यात नवल नाही.

आता हा देव किती जुना? सन १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वराचा एक शिलालेख आहे. त्यात भीमेच्या काठच्या या गावाचं नाव पंडरगे असं येतं आणि पुंडरीकाचाही उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माआधीच हे ठिकाण नावारूपाला आलं होतं. दुसरा लेख देवळातच आहे. चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून त्याला पाठ घासणारे लोक तुम्ही पाहिले असतील. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असं मानतात. त्या दगडावर खरं तर देणगीदारांची यादी आहे. १२७३ ते १२७७ या काळात, देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या अमलात, कुणी देवळाला काय दिलं ते त्यावर कोरलेलं आहे. आपल्या गावच्या देवळात वर्गणीचा फलक असतो ना, तसाच तो साडेसातशे वर्षांपूर्वीचा फलक.

अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हे पुस्तक लिहिलं. विठ्ठल हा मुळात गुराखी आणि धनगर लोकांचा देव असावा, असं त्यांनी पुष्कळ पुरावे देऊन मांडलं. धनगर मंडळी आजही विठ्ठल आणि बिरोबा अशी जोडी पुजतात. पुढे लोकांनी त्यालाच विष्णू म्हटलं, कृष्ण म्हटलं. जैन आणि बौद्धही त्याच्याकडे आपला म्हणून बघत आले. सगळ्यांनी आपापलं रूप त्या एका मूर्तीत पाहिलं, आणि मूर्ती होती तशीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

इथे बुवांनी आम्हाला नामदेवांची गोष्ट सांगितली. नामदेवांना वाटायचं, देव पंढरीच्या मूर्तीतच आहे. ते औंढा नागनाथला गेले, तर तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, "बाबा, मी म्हातारा झालो. जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव." नामदेव जिथे पाय ठेवायला जातील तिथे पिंड उभी राहिली. त्या दिवसापासून विसोबा नामदेवांचे गुरू झाले. नामदेवांनी काही मूर्ती टाकून दिली नाही, पंढरपूर सोडलं नाही. फक्त देव एवढ्याच जागेत आहे हा हट्ट सोडला. आपल्या धर्मात सगुण आणि निर्गुण हे दोन शब्द येतात, त्यांचा अर्थ आम्हाला या गोष्टीतून कळला. मन लावायला रूप हवं, पण त्या रूपात देवाला कोंडायचं नाही.

याच नामदेवांच्या घरी जनाबाई होती. गंगाखेडची मुलगी, लहानपणीच नामदेवांच्या वडिलांकडे कामाला आली. दळण, कांडण, झाडलोट, शेणी गोळा करणं, हे तिचं आयुष्य. तिच्या नावावर तीनशेच्या वर अभंग आहेत. त्यात तिचा विठोबा काय करतो? तिच्यासोबत दळतो, तिनं झाडलेला केर भरतो, पाणी आणतो, तिच्या डोक्याला तेल लावून वेणी घालतो. देवळात हात कमरेवर ठेवून उभा असलेला देव जनीच्या घरी कमरेवरचे हात काढून कामाला लागतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. बाया तिथे थांबतात, जात्याच्या खुंट्याला हात लावतात.

देवाला आई म्हणणंही इथलंच. विठाई, विठाबाई, माउली. आई म्हणून हाक मारलेला पुरुषदेव आपल्याकडे आहे. वारीत बाई, बाप्या, पोरगं, सगळ्यांना एकच हाक, माउली. आणि अभंग लिहिता न आलेल्या आपल्या आज्यापणज्यांनी जात्यावर विठोबा गायला, तो वेगळाच. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून अशा जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. त्यात पंढरपूर म्हणजे माहेर. बाप विठोबा, आई रुक्मिणी. सासरी ज्या बाईला कुणी विचारत नव्हतं, तिनं देवाला माहेरचं माणूस केलं.

इथवर ऐकून आम्हाला बरं वाटलं. पण मास्तर म्हणाले, पुढचंही ऐका.

त्याच काळात पंढरपूरजवळच्या मंगळवेढ्याला चोखामेळा होते, जातीने महार. त्यांना देवळात जाता येत नव्हतं. ज्या देवावर त्यांनी इतके अभंग रचले, त्याच्या दारातच त्यांना थांबावं लागे. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. ती समाधी आजही तिथेच आहे, नामदेवांच्या पायरीजवळ.

चोखोबांची पत्नी सोयराबाई. तिनं विटाळावर एक सरळ प्रश्न विचारला. विटाळ देहाचा म्हणता, तर विटाळाशिवाय जन्मलेला एक तरी देह दाखवा. सगळेच त्यातून आले, मग सोवळा कोण आणि ओवळा कोण? सातशे वर्षांपूर्वी एका महार बाईनं हे म्हटलं. आपल्याला महिन्याचे चार दिवस देवघरात पाऊल ठेवू देत नाहीत, तेव्हा सोयराबाईचा हाच प्रश्न विचारावा.

पुढे सतराव्या शतकात बहिणाबाई झाली. शेतात गाणी रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, ही तुकोबांची शिष्या. जन्म १६२८. ब्राह्मणाची मुलगी, लहानपणीच मोठ्या वयाच्या बिजवराला दिलेली. कीर्तन ऐकते, शूद्र तुकोबांना गुरू मानते, म्हणून नवऱ्याने मारलं. तिनं हे सगळं स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलं आहे. बाईला वेद ऐकायचा अधिकार नाही, मग देव कसा भेटायचा, हा तिचा प्रश्न. उंच जातीत जन्मूनही ती दाराबाहेरच होती.

म्हणजे देवाचं रूप सगळ्यांचं झालं, पण देऊळ सगळ्यांचं झालं नव्हतं. चोखोबांच्या नंतर सहाशे वर्षं ते दार दलितांना बंदच राहिलं. ते उघडावं म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि शेवटी १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी, १० मे ला उपोषण सुटलं आणि देऊळ सर्वांना खुलं झालं. त्या वेळची एक गोष्ट सांगतात. दलित आत येणार म्हणून काही जणांनी मंत्र म्हणून मूर्तीतलं देवपण काढून घागरीत ठेवलं. आमच्या गटातली एक सून हे ऐकून हसली आणि म्हणाली, "चोखोबाच्या पाठोपाठ दाराबाहेर जायचा देव, तो घागरीत कसला बसतोय?"

त्यानंतरही देवळातली पूजा आणि उत्पन्न वंशपरंपरेने बडवे आणि उत्पात यांच्या हाती होतं. १९७३ साली सरकारने कायदा करून ते हक्क संपवले. खटला चाळीस वर्षं चालला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की जिथे पुरुष जाऊ शकतात तिथे बाईला देवळात जाण्यापासून अडवता येणार नाही. राज्यात तसा कायदा १९५६ पासूनच आहे. आपल्यातल्या किती जणींना तो ठाऊक होता? आम्हाला नव्हता.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येऊ. देव दोन नाहीत. पंढरपुरात काकूंना कुणी विचारत नाही, कारण तिथे पायावर डोकं ठेवण्याचा हक्क कुणी ना कुणी झगडून मिळवलेला आहे. चोखोबा दाराबाहेर थांबले, सोयराबाईनं जाब विचारला, गुरुजी उपाशी बसले. आपल्या गावात अजून कुणी विचारलेलं नाही, एवढाच फरक. विधवेनं ताट धरू नये असं विठोबाच्या कुठल्या गोष्टीत आहे? आम्हाला सापडलं नाही. त्या काळी जनाबाईला ना नवरा होता ना घर, आणि देव तिचीच वेणी घालत बसला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. म्हणजे ही वाट नवी नाही, कुणीतरी आधीच चालून गेलंय.

खरं सांगायचं तर आमच्या गटातही सगळ्या तयार नाहीत. "रीत मोडली आणि घरात काही झालं तर?" असं दोघी म्हणाल्या. त्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेली नाही. ज्या बाईनं खूप गमावलेलं असतं, तिलाच अशी भीती वाटते. पण एवढं ठरलंय की यंदाच्या सप्ताहात ताट काकूंच्याच हाती द्यायचं, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना आमच्यातल्या दोन सवाष्णी उभ्या राहायच्या. कुणी काही म्हटलं तर उत्तर काकूंनी एकटीनं द्यायचं नाही. ती भीती वाटलेल्या दोघींपैकी एक म्हणाली, "मी बाजूला उभी राहीन. ताटाला हात मात्र लावणार नाही." आम्ही म्हटलं, चालेल.

तुमच्या गटात हे भाषण वाचाल, तेव्हा दोन गोष्टींवर बोला. आपल्या गावच्या देवळात आज कोण उंबऱ्याबाहेर थांबतं, आणि का? आणि आपल्या आजीच्या ओव्यांतला विठोबा कसा होता? ज्या म्हाताऱ्यांना ओव्या येतात त्यांना म्हणायला लावा, लिहून घ्या. त्या गेल्या की ओव्याही जातील.

वारीत भेट झालीच तर हाक मारा. रामकृष्ण हरी!