संग्रहालयांची संकेतस्थळे: 'अजाईल' कार्यपद्धती, खेळ आणि झाशीचा वारसा

झाशीचा किल्ला ओरछाचे राजा वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये बांधला. मराठ्यांच्या अंमलात नारो शंकर यांनी त्याचा विस्तार केला. नेवाळकर घराण्यातील रघुनाथराव यांनी बांधलेल्या राणी महालात आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय असून, तेथे नवव्या ते बाराव्या शतकांतील शिल्पे ठेवली आहेत. याखेरीज शहरात उत्तर प्रदेश शासनाचे राजकीय संग्रहालय आहे. किल्ला व महाल केंद्राकडे, तर हे संग्रहालय राज्याकडे, अशी ही वाटणी आहे. महाजालावर राणी लक्ष्मीबाईंची माहिती शोधणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र या वाटणीशी कर्तव्य नसते. अशा वारशाचे संकेतस्थळ उभारताना कार्यालयाची रचना प्रमाण मानायची की शोधणाऱ्याची गरज, हा पहिला प्रश्न ठरतो.

रूढ पद्धतीत आधी संपूर्ण आराखडा ठरतो, मग निविदा निघते, काम पूर्ण होते आणि शेवटी उद्घाटन होते. वाचकाला काय हवे होते, हे त्यानंतर कळते. या क्रमाला पर्याय म्हणून फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ संगणकतज्ज्ञांनी 'अजाईल' जाहीरनामा तयार केला. कामाचे लहान टप्पे करावेत, प्रत्येक टप्प्याअखेर चालणारी वस्तू वापरणाऱ्यापुढे ठेवावी आणि त्याच्या प्रतिक्रियेनुसार पुढील टप्पा ठरवावा, हा त्याचा गाभा आहे. हे टप्पे बहुधा दोन ते चार आठवड्यांचे असतात. या पद्धतींपैकी 'स्क्रम' हे नाव रग्बीतून आले. जपानी अभ्यासक ताकेउची आणि नोनाका यांनी १९८६ मध्ये उत्पादनविकासावरील लेखात खेळाडूंनी एकत्र पुढे सरकण्याची उपमा वापरली होती.

खेळांचा संबंध केवळ नावापुरता नाही. संग्रहपाल, पुरातत्त्वज्ञ, संगणक अभियंता आणि लेखाधिकारी यांची भाषा एकमेकांना सहजी समजत नाही. खेळ ही दरी कमी करतो. 'प्लॅनिंग पोकर' हा खेळ जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडला. एखाद्या कामाला किती श्रम लागतील, याचा अंदाज प्रत्येक जण आकड्याच्या पत्त्याने देतो आणि सारे पत्ते एकाच वेळी उलटतात. ज्याचा आकडा सर्वांत मोठा आणि ज्याचा सर्वांत लहान, त्यांनी आपापली कारणे सांगायची व पुन्हा डाव मांडायचा. वरिष्ठांचे मत आधी ऐकून बाकीच्यांनी मान डोलवायची, हा प्रकार त्यामुळे टळतो. आपल्याकडील कार्यालयांत हा लाभ लहान मानता येणार नाही.

ल्यूक होमन यांनी २००६ च्या पुस्तकात आणखी काही खेळ दिले. एकात नावेचे चित्र काढून तिला अडवणारे नांगर लिहायचे असतात. दुसऱ्यात सहभागींना खोटे पैसे देऊन संकेतस्थळावरील सुविधा 'विकत' घ्यायला सांगतात. पैसे मुद्दाम अपुरे असतात. त्यामुळे किल्ल्याची त्रिमितीय फेरी हवी की आधी प्रत्येक शिल्पाची विश्वसनीय नोंद हवी, याचा निवाडा भाषणांवाचून होतो.

झाशीच्या बाबतीत नोंदीचे पारडे जड ठरावे, याला कारणे आहेत. मराठी वाचक 'झाशी' असे लिहितो, हिंदी वाचक 'झाँसी'. दोन्ही रूपे शोधयंत्रणेला ठाऊक नसतील, तर माहिती असूनही हाती लागत नाही. तीच गोष्ट मणिकर्णिका आणि लक्ष्मीबाई या नावांची. राणींचे जन्मवर्ष बहुधा १८२८ दिले जाते, काही ठिकाणी १८३५. त्यांच्या मृत्यूचा दिवस कोठे १७ जून १८५८ आढळतो, कोठे १८ जून. संकेतस्थळाने एकच तारीख बिनदिक्कत छापणे सोपे. दोन्ही तारखा आधारासह देणे योग्य. लहान टप्प्यांच्या पद्धतीत असे दोष दहा-वीस नोंदींवरच उघड होतात, हजारो नोंदी भरून झाल्यावर नव्हे.

भारतात यासाठी पाया तयार आहे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, संग्रहालयांसाठी 'जतन' ही संगणकप्रणाली विकसित केली. नाव अस्सल मराठी आहे. तिच्या आधारे राष्ट्रीय संग्रहालयांचे सामायिक संकेतस्थळ २०१४ मध्ये सुरू झाले. आयआयटी मुंबईच्या साहाय्याने उभारलेले 'इंडियन कल्चर' हे संकेतस्थळ २०१९ मध्ये आले. अडचण कार्यपद्धतीची आहे. निश्चित रकमेच्या निविदेत काम आधीच शब्दबद्ध करावे लागते आणि शासकीय संकेतस्थळाला सुरक्षा तपासणीही आवश्यक असते. दर पंधरवड्याला बदल करायचा, तर करारात तशी तरतूद सुरुवातीलाच हवी.

प्रेक्षकांसाठीच्या खेळांचा मार्ग निराळा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने २००८ मध्ये वस्तूंना शोधशब्द जोडण्याचा खेळ सुरू केला. चुकीच्या शब्दांवर हरकत घेणारा दुसरा खेळ त्याने पुढे आणला. राणी महालातील शिल्पांसाठी, मूर्तीच्या हातातील आयुधावरून देवता ओळखण्यासारखा खेळ सहज रचता येईल. १८५८ च्या वेढ्याला मात्र गुणांची स्पर्धा लावणे अनुचित ठरेल. त्या वेळी शहरात असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात इंग्रज फौज शहरात शिरल्यानंतरची कत्तल आणि लूट नोंदविली आहे. तेथे नकाशा, कालक्रम आणि साक्षीदारांची नोंद शेजारी-शेजारी ठेवणे पुरेसे आहे.