पश्चिमेची दाढ

भाचीच्या जबड्याचा एक्सरे डॉक्टरांनी पडद्यावर लावला. ओपीजी म्हणतात तो, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा सगळा जबडा एकाच लांबट चित्रात दाखवणारा. भाची वीस वर्षांची. सगळे दात ओळीत उभे होते आणि अगदी टोकाला एक दाढ आडवी पडलेली, पुढच्या दाढेला डोकं टेकवून. "जागाच नाही तिला," डॉक्टर म्हणाले. परतताना रिक्षात भाचीने गालावर हात ठेवून विचारलं, "मामा, हिला अक्कलदाढ हे नाव कुणी ठेवलं?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन कोश काढून बसलो.

'दाढ' आपली घरची. संस्कृतात दंश् म्हणजे चावणे, त्यावरून दंष्ट्रा, प्राकृतात तिची दाढा झाली आणि मराठीत दाढ. पण दंष्ट्रा म्हणजे अन्न दळणारा मागचा दात नव्हता. तो हिंस्र दात होता, जनावराचा सुळा. वराहाने पृथ्वी उचलली ती दंष्ट्रेवर. गीतेच्या 11व्या अध्यायात विश्वरूपाची मुखं 'दंष्ट्राकराल' आहेत. मराठीने या शब्दाला माणसाळवलं आणि गालाच्या आत, चावण्याकडून चघळण्याच्या कामाला लावलं. तरी जुनं जनावर पुरतं गेलेलं नाही. 'मृत्यूच्या दाढेतून परत आला' म्हणतो तेव्हा दळणारी दाढ आपल्या मनात नसते. 'दाढी'ही याच कुळातली. मनुस्मृतीत ती 'दाढिका' म्हणून भेटते. दातांची मराठी नावं मला फार आवडतात, कारण त्यांत हत्यारांचा खणखणाट आहे. समोरचे पटाशीचे दात, आणि पटाशी हे सुताराचं हत्यार. कडेचा सुळा, त्याच्या मागे शूळ उभा.

'अक्कल' मात्र अरबीतून फारसीच्या वाटेने आली. अरबी 'अक़्ल' ज्या धातूपासून येतो त्याचा मूळ अर्थ बांधणे. उंट बसवला की त्याचा पुढचा पाय दुमडून दोरीने बांधतात, म्हणजे तो उठून भरकटत नाही. ती दोरी म्हणजे 'इक़ाल'. अरब पुरुष डोक्यावरच्या फडक्यावर जे काळं कडं घालतात त्याचंही नाव तेच. माणसाला भरकटू न देणारी दोरी म्हणजे अक्कल, अशी ही कल्पना. अरबीत या दाढेला 'दिर्स अल-अक़्ल' म्हणतात, फारसीत 'दंदाने अक़्ल'. आपण त्यातला दात बदलून आपली दाढ बसवली आणि अक्कल तशीच ठेवली. मराठीत ती चांगली रुजलीही. अकलेचे तारे आपण तोडतो, आणि बुडालेले पैसे वहीत अक्कलखाती जमा करतो. नुकसान सोसून जे कळतं त्याचं हे खातं मला मराठी व्यापाऱ्याच्या शहाणपणाचा सर्वोत्तम दाखला वाटतो.

लॅटिनमध्येही शहाणपणाचाच दात. गुजरातीत डहापणनी दाढ, तमिळमध्ये ज्ञानाचा दात. इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने त्याला 'क्रांतेर' म्हटलं. हा शब्द पूर्ण करणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे; दंतपंक्ती पुरी करणारे ते क्रांतेर. विसाव्या वर्षाच्या सुमारास ते येतात असं तो नोंदवतो, आणि ऐंशी उलटलेल्या बायकांनाही मोठ्या वेदनेने ते आल्याची उदाहरणं आहेत असंही सांगतो. तुर्कीत सरळ विसाव्या वर्षाचा दात. कोरियनमध्ये प्रेमाचा दात, कारण तो प्रेमात पडायच्या वयात येतो. जपानीत 'ओयाशिराझु', म्हणजे आईबापांना ठाऊक नसलेला.

ही नावं एकापुढे एक मांडली तेव्हा मला जाणवलं की जवळजवळ सगळी काळाकडे बोट दाखवतात. दात कधी आला, तेव्हा माणूस केवढा होता, आईबाप होते की नव्हते. दुखणं मात्र काळाचं नसतं, जागेचं असतं. जागेवरून नाव ठेवणारं कुणीच नव्हतं का?

होतं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांच्या प्रकरणात 'अधिमांसक' नावाचा विकार आहे. जबड्याच्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, मोठी वेदना, तोंडातून लाळ गळणे. दाताला तिथे 'हानव्य पश्चिम दंत' म्हटलंय. हानव्य म्हणजे हनूचा. हनू म्हणजे जबडा. हनुवटी त्यातूनच आली, वज्राच्या घावाने ज्याची हनू मोडली तो हनुमानही, आणि इंग्रजीतली 'चिन' याच शब्दाची दूरची बहीण. पश्चिम म्हणजे मागचा, शेवटचा. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की पाठीमागची ती पश्चिम, म्हणून दिशेलाही ते नाव पडलं. 'पश्चात' त्याचाच सोयरा. अधिमांस म्हणजे वर आलेलं मांस. अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीचं झाकण राहतं, त्याखाली अन्न अडकतं, ते सुजतं, आणि वरची दाढ त्याच सुजेवर आपटत राहते. हे वर्णन आजच्या दंतवैद्याने लिहिलं तरी फारसं बदलणार नाही. उपायही चिकित्सास्थानात आहे: ते मांस कापावं आणि मध घालून चूर्णं लावावीत. अक्कल वगैरे कशाचा उल्लेख नाही. कुठल्या हाडात, कितवा, एवढंच. मला हे नाव सगळ्यांत प्रामाणिक वाटतं.

जागेची गोष्ट हाडात अशी घडते. खालचा जबडा घोड्याच्या नालासारखा, आणि मागे दोन्ही टोकांना हाड वळून कानाकडे चढतं. दुसरी दाढ आणि हा चढ यांच्यामध्ये जी पट्टी उरते तेवढंच अक्कलदाढेचं अंगण. मूल वाढतं तसा चढाचा पुढचा काठ झिजत जातो, मागे नवं हाड भरतं, आणि अंगण लांबतं. दाढेचं बी नवव्या वर्षाच्या आसपासच हाडात धरू लागतं, पुढे झुकलेलं; जागा मिळाली तर हळूहळू उभं होतं. नाही मिळाली तर झुकलेलंच राहतं. जॉर्ज विंटर या अमेरिकी दंतशल्यचिकित्सकाने 1926च्या ग्रंथात या कलावरूनच वर्गवारी केली: उभी, पुढे कललेली, मागे कललेली, आडवी. आपल्याकडे पेशंट आणि डॉक्टर दोघंही 'तिरकी आलीय', 'आडवी आहे' असंच बोलतात. बोलती मराठी इथे सुश्रुताच्या बाजूची आहे.

पडद्यावर दाढेच्या मुळांखालून दोन पांढऱ्या रेषांमध्ये एक काळसर पट्टा गेला होता. ती हाडातली नळी. तिच्यातली नस पुढे उपदाढांपाशी बाहेर पडते आणि खालच्या ओठाला, हनुवटीला संवेदना देते. जिभेची नस वेगळी; ती आतल्या बाजूला हिरडीखालून इतकी लगटून जाते की डॉक्टर तिकडे हत्यार फार जपून नेतात. भाचीची मुळं नळीपासून दूर होती. दाढेचे दोन तुकडे करून ती काढली. दोन दिवस तोंड नीट उघडेना. चघळण्याचे स्नायू आखडले की असं होतं. तिची आजी म्हणाली, "दातखीळच बसली पोरीची." धनुर्वातालाही आपण हाच शब्द वापरतो, पण खीळ ठोकल्यागत मिटलेलं तोंड यापेक्षा नेमकं कसं सांगणार!

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेर आल्यावर ती पुन्हा पुन्हा बोटाने खालचा ओठ चाचपत होती. इंजेक्शनने बधिर केला होता. बधिर म्हणजे संस्कृतात ऐकू न येणारा. तोच शब्द झिजून 'बहिरा' झाला आणि कानाला चिकटला. न झिजलेला आपण त्वचेसाठी ठेवला. रिक्षात मी तिला हे सांगितलं. तिने ओठावर टिचकी मारून पाहिली आणि जड जिभेने म्हणाली, "मामा, अजून ऐकू येत नाहीये त्याला."