आखाड्यातली शाळा

भंडारा जिल्ह्यातलं दिघोरी हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. रोवणीला दिवसभर चिखलात वाकून राहणाऱ्या माणसाला वेगळ्या व्यायामाची गरज काय, हा प्रश्न इथे रास्तच आहे. कष्टानं शरीर झिजतं, व्यायामानं ते घडतं. हा फरक विदर्भात एका संस्थेनं फार लवकर ओळखला.

१९१४ साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. कुस्ती, मल्लखांब, लेझीम शिकवता शिकवता इथे व्यायामाचे शिक्षकही तयार होऊ लागले. आखाड्याची शाळा झाली, हे खरं मोठं पाऊल.

१९३६ मध्ये मंडळाच्या चमूनं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. लाल मातीत घाम गाळणाऱ्या पोरांना त्या दिवशी स्वतःची किंमत नव्यानं कळली असणार!

मंडळाशी जोडलेले डॉ. शिवाजीराव पटवर्धन पुढे कुष्ठरुग्णांकडे वळले. ज्यांच्या शरीराकडे समाजानं पाठ फिरवली होती, त्यांच्यासाठी त्यांनी अमरावतीजवळ तपोवन उभं केलं.