मालप्याचा बोगदा आणि रुळांचे राखणदार

आमच्या डिचोलीला रेल्वे स्टेशन नाही. डिचोलीकराने गाडी धरायची म्हणजे थिवीला जायचे. १९९८ च्या पावसाळ्यात सावंतवाडीच्या एका नातलगाकडे बारशाला जायचे होते. मी वडिलांना म्हटले, "अण्णा, या खेपेला बसने नको, नव्या रेल्वेने जाऊ." अण्णांची उभी हयात डिचोली तालुक्यातल्या लोहखनिजाच्या खाणींवर मुकादमीत गेलेली. आगगाडीचे त्यांना कौतुक नव्हते, पण मातीचे होते. पेडणे स्टेशन मागे पडले, गाडी मालप्याच्या डोंगराखालच्या बोगद्यात शिरली आणि डब्यातली पोरे आनंदाने किंचाळली. अण्णा मात्र खिडकीच्या गजाला धरून अंधारात बघत राहिले. पलीकडे मडुऱ्याच्या बाजूला उजेड आला तेव्हा एवढेच म्हणाले, "ही माती गप्प बसणारी नव्हे रे. हिची रोज विचारपूस करायला माणूस लागेल."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढची वीस-बावीस वर्षे लागली.

आपल्याकडचा डोंगर वरून दिसतो तेवढा एकसंध नसतो. वर जांभ्याचा कठीण थर, त्याच्या पोटात पांढरट, गुलाबी, पिवळसर अशी चिकणमाती. जांभ्याच्या भोकांतून पावसाचे पाणी खाली उतरते आणि त्या मातीत मुरून बसते. उन्हाळ्यात पहारीलाही दाद न देणारी ही माती श्रावणात कालवलेल्या पिठासारखी होते. खाणीवरच्या माणसांना हे पाठ असते. म्हणून खाणीचा कडा सरळ उभा न कापता पायऱ्या-पायऱ्यांनी कापतात, तळातले पाणी सतत उपसतात, आणि पावसाळ्यात वरच्या कडेला भेगा पाहणारा माणूस फिरता ठेवतात. भेग दिसली की खालचे काम थांबवायचे. ते थांबवण्याचा अधिकार त्या फिरत्या माणसाला असतो. त्यासाठी त्याला कचेरीत अर्ज करावा लागत नाही. निदान अण्णांच्या खाणीवर तरी तसा रिवाज होता.

रेल्वे आमच्या बाजूला फार उशिरा आली. गोव्याला मात्र ती लवकर मिळाली होती. १८७८ साली इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला, गोव्यातल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेला, त्याच्या बदल्यात पोर्तुगीजांना दरसाल चार लाख रुपये मिळू लागले, आणि त्याच तहातून मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंतच्या लोहमार्गाचा जन्म झाला. १८८८ मध्ये तो मार्ग सुरू झाला. दुधसागरच्या घाटातून चढणारा हा रस्ता बांधला लंडनच्या एका कंपनीने, तिच्या भागधारकांना व्याजाची हमी दिली पोर्तुगीज सरकारने, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाड्या चालवण्याचे काम गेले सदर्न मराठा रेल्वेकडे. म्हणजे रूळ एकाचे, गाड्या दुसऱ्याच्या आणि तोटा तिसऱ्याच्या तिजोरीतून! खासगीकरण हा शब्द आपण नव्वदीच्या दशकात शिकलो असे वाटते. पण बेळगाव-लोंढ्याच्या जुन्या रेल्वे कुटुंबांना हा मामला आजोबांच्या काळापासून ठाऊक होता. पेडणे, डिचोली, सत्तरी हे नव्या काबिजादीचे तालुके त्या रेल्वेच्या वाटेवर कुठेच नव्हते. आमच्या नशिबी रेल्वे आली ती बरोबर ११० वर्षांनी.

कोकण रेल्वेची कथा वाचकांना ठाऊक आहे. बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेत लावून धरलेला विषय, अ. ब. वालावलकरांनी आयुष्यभर केलेला पाठपुरावा, पुढे मधु दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असण्याचा दुर्मीळ योग. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की हे रेल्वेचे खाते नव्हते; कंपनी कायद्याखालची कंपनी होती. केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी ६. उरलेला बराच पैसा रोखे काढून बाजारातून उभा केला. कर्ज काढून घर बांधणाऱ्या माणसाला घर बांधून झाल्यावर कौले शाकारायला हात आखडता घ्यावा लागतो, हे मध्यमवर्गीय वाचकाला वेगळे सांगायला नको.

त्या काळात गोव्यात केवढे रणकंदन माजले होते! रूळ किनाऱ्याकडच्या गावांतून आणि खाजनांतून न्यावेत की पूर्वेकडे, आतल्या तालुक्यांतून? पर्यावरणवाद्यांनी उच्च न्यायालय गाठले. १९९२ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. १९९३ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती ओझा यांचा एकसदस्य आयोग नेमला आणि गोव्यातल्या एका टप्प्याचे काम काही काळ थांबले. गावोगाव सभा, मोर्चे, वर्तमानपत्रांतून पत्रांची लढाई. मराठी-कोकणीच्या वादाने आधीच दुभंगलेल्या घरांत आता रेल्वेवरून दोन तट पडले. आमच्या डिचोलीत मार्ग आत सरकला तर बरे असे म्हणणारे पुष्कळ होते, मीही त्यांतलाच. स्टेशन दाराशी येईल हा स्वार्थ. आज त्या कात्रणांची फाईल उघडली की एक गोष्ट खुपते. रूळ कुठून जावेत यावर आम्ही दोन्ही बाजूंनी घसा बसेपर्यंत ओरडलो, पण एकदा घातलेले रूळ पन्नास वर्षे राखणार कोण, हा प्रश्न त्या फाईलीत मला एकदाही सापडला नाही. माझ्या स्वतःच्या दोन पत्रांतही नाही.

डोंगराने मात्र तो प्रश्न तेव्हाच विचारला होता. रोहा ते ठोकूर या मार्गावर ९२ बोगदे. त्यांतला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. पण तो खडकातला, म्हणून सोसला. जीव काढला तो मऊ मातीतल्या नऊ बोगद्यांनी, आणि त्यांत आपले पेडणे आणि जुने गोवे आघाडीवर. मालप्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा. आज खणून काढलेली माती उद्या पुन्हा तोंडाशी भरलेली. वरून पाणी, खालून चिखल. मार्गाच्या दोन्ही बाजू तयार होऊन बसल्या आणि सगळी कोकण रेल्वे या दीड किलोमीटरसाठी खोळंबली. मऊ मातीच्या बोगद्यांत १९ माणसे गेली. साऱ्या मार्गाच्या बांधणीत ७४. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावरून गाडी धावली आणि १ मे रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. अभिमान वाटावा असेच ते काम होते आणि आम्हाला तो वाटलाही.

पाच वर्षांनी, २२ जून २००३ च्या रात्री, वैभववाडीजवळ सुट्टीची खास गाडी रुळांवर आलेल्या दगडांवर आदळली. पन्नासवर माणसे गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस अशीच दरडीने घसरली आणि पुन्हा प्राणहानी झाली. त्या दिवसांत आमच्याकडचे लोक मुंबईचे आरक्षण रद्द करून बसची तिकिटे काढत होते. हे महामंडळ नवनव्या शोधांत रमणारे होते. टक्कर टाळणारे यंत्र त्यांनी काढले. शहरासाठी टांगती स्कायबस काढली आणि तिची चाचणी मडगावात घेतली. सप्टेंबर २००४ मध्ये त्या चाचणीत एका अभियंत्याचा जीव गेला आणि पुढे तो सांगाडाही मोडून टाकावा लागला. शोधाची बातमी होते, उद्‌घाटनाला मंत्री येतात. गटार साफ केल्याची बातमी कोण छापणार?

एक मात्र कबूल केले पाहिजे. त्या दोन अपघातांनंतर महामंडळ शहाणे झाले. उभे कडे पायऱ्यांनी कापले गेले (अण्णा ते पाहून खुशीत हसले होते), जाळ्या बसल्या, मांडवी-जुवारीच्या पुलांवर वारामापक आले, पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक आले. मुसळधार पावसात समोरचे नीट दिसत नसेल तर चालकाने गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची असा दंडक झाला. आणि मुख्य म्हणजे पावसाळाभर शेकडो माणसे रुळांवरून चालू लागली. पावसाळ्यात गाडीला उशीर झाला म्हणून बोटे मोडणाऱ्या आपल्या चाकरमान्यांना हा हिशेब कोणीतरी सांगितला पाहिजे.

माझा एक भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, स्विंडनला आहे. एकेकाळी रेल्वेच्या कारखान्यांवर जगलेले हे गाव आज गोयंकारांनी भरलेले आहे. त्याच्याकडे गेलो असताना तिथल्या रेल्वेची गोष्ट मी मुद्दाम समजून घेतली. आपल्याकडे ओझा आयोग बसला त्याच १९९३ साली तिकडे रेल्वे विकण्याचा कायदा झाला. रूळ रेलट्रॅक नावाच्या कंपनीकडे, गाड्या डझनावारी कंपन्यांकडे आणि रुळांची डागडुजी कंत्राटदारांकडे. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्डजवळ ताशी १८५ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीखाली एका रुळाचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. चार जण दगावले. त्या रुळाला तडे आहेत हे आधीच कळले होते. बदलायचा नवा रूळ कित्येक महिने तिथेच बाजूला पडून होता! पाहणारा एक, ठरवणारा दुसरा, पैसे मोजणारा तिसरा आणि रूळ बसवणारा चौथा. प्रत्येकाचा कागद बरोबर. २००२ मध्ये पॉटर्स बार येथे सांध्याचे नट ढिले राहून आणखी सात जण गेले. अखेर २००३ मध्ये डागडुजी पुन्हा आपल्याच नोकरांकडे घेण्याचा निर्णय झाला. लंडनच्या भुयारी रेल्वेतही रूळ-बोगदे राखायचे कंत्राट घेतलेली मेट्रोनेट २००७ मध्ये बुडाली आणि ते ओझे सार्वजनिक तिजोरीवर आले.

यावरून सरकारी म्हणजे सुरक्षित असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. ४ मे २०१४ रोजी दिवा-सावंतवाडी पॅसेंजर रोह्याच्या अलीकडे निडी गावाजवळ घसरली, वीसच्या आसपास माणसे गेली. ते रूळ कोकण रेल्वेचे नव्हते, कंत्राटी कंपनीचेही नव्हते. मध्य रेल्वेचे होते. मालक कोण, याहून रुळावरून चालणाऱ्या माणसाचा शब्द वर किती वेळात पोहोचतो आणि वरचा माणूस तो ऐकतो की नाही, यावर माझ्या मते अधिक अवलंबून आहे. कंत्राटाच्या साखळीत ते अंतर वाढते, एवढाच माझा कंत्राटावर आक्षेप. की-मन आपल्या हद्दीतला प्रत्येक सांधा ओळखतो. दरवर्षी निविदा बदलली की ती ओळखही बदलते.

मालप्याचा डोंगर अजून बोलतोच आहे. ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे बोगद्याच्या भिंतीचा सुमारे पाच मीटरचा भाग कोसळला. गाडी खाली नव्हती हे नशीब. गाड्या लोंढा-मिरज-पुणे मार्गे वळवल्या, म्हणजे १८८८ चा तो जुना घाट नव्या रेल्वेच्या मदतीला धावला. पुढच्या वर्षी चिपळूणच्या पुरामुळे वळवलेली मंगळूर-मुंबई गाडी त्याच घाटात, दुधसागर आणि सोनावळी यांच्या दरम्यान, दरडीने घसरली; सुदैवाने प्राणहानी नाही. मग ९ जुलै २०२४: मालप्याच्या बोगद्यात खालून पाणी आणि चिखल उसळला. रात्री मार्ग मोकळा केला, पहाटे पाणी पुन्हा दुप्पट जोराने आले आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत गाड्या बंद. बांधकामाच्या वेळी मजुरांनी जे पाणी उपसले तेच हे पाणी, त्याच मातीतले. दोन्ही वेळा गाडी आत शिरण्याआधी ते कोणाच्या तरी डोळ्यांना दिसले.

आता महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायचे घाटते आहे. इतर भागीदार राज्यांपाठोपाठ मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. कोकण रेल्वे हे नाव कायम राहावे अशी अट घातली. नावाची अट मला समजते. दुपदरीकरणाला, नव्या स्टेशनांना पैसा मिळेल हेही पटते. माझी अट वेगळी असती. मालप्याच्या डोंगराचा पावसा-पाण्याचा पस्तीस वर्षांचा हिशेब ज्यांच्या डोक्यात आहे, ती माणसे बदल्या-बढत्यांत कुठेतरी भुसावळ-बिलासपूरला जाऊ नयेत. आणि त्यांच्या जागी येणाऱ्याला आधी एक पावसाळा त्यांच्या मागून चालायला लावावे. आपल्या आमदार-खासदारांना पत्र लिहिणारे वाचक अजून शिल्लक असतील तर त्यांनी हे एवढे विचारावे.

गेल्या आषाढात रात्रीच्या गाडीने मी मुंबईहून येत होतो. मडुऱ्यानंतर गाडी मंदावली, मग पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीला आली. बाहेर पाऊस कोसळत होता. बोगद्याच्या तोंडाशी एक माणूस डोक्यावरून प्लास्टिक घेऊन, हातातला दिवा आमच्या गाडीकडे धरून कठड्याला टेकून उभा होता. आमच्या पेडण्याकडे डोंगराच्या राखणदाराला नारळ ठेवायची रीत आहे. शेजारचे सहप्रवासी जागे झाले, घड्याळ पाहून म्हणाले, "झाला का परत लेट?" मी हो म्हटले. गाडी बोगद्यात शिरली आणि तो माणूस दिवा खाली करून पुन्हा मडुऱ्याच्या दिशेने चालू लागला.