रेडिओ नसलेली बोट

बंदरातला शेवटचा दिवस म्हणजे यादीचा दिवस. पाणी भरा, डबे मोजा, दोर तपासा. फेब्रुवारी १९७३च्या अखेरीस पनामाहून गॅलापागोसकडे निघालेल्या मॉरिस आणि मॅरलिन बेली या इंग्लिश जोडप्याच्या यादीत रेडिओ नव्हता. विसरला नव्हता. बाहेरच्या जगाची लुडबुड नको म्हणून मॉरिसनं तो मुद्दाम टाळला होता. घर विकून घेतलेल्या बोटीचं नाव दोघांच्या नावांतून जुळवलेलं होतं: ऑरलिन.

४ मार्चला पहाटे व्हेलच्या धडकेनं बोटीला भोक पडलं. तासाभरात ती बुडाली. उरले रबरी तराफा, छोटी डिंगी, थोडे डबे आणि पाणी. मॅरलिनला पोहता येत नव्हतं. सेफ्टी पिना वाकवून गळ केले, मासे आणि कासवं खाल्ली. जहाजं दिसायची, पण थांबायची नाहीत. ११८ दिवसांनंतर, ३० जूनला, एका कोरियन मासेमारी जहाजानं दोघांना उचललं.

मी सॉफ्टवेअरवाला. बॅकअप घेतल्याशिवाय मला झोप लागत नाही. त्यामुळे मॉरिसचा निर्णय मला आजही चूकच वाटतो. पण तराफ्यावर उपाशी बसून मॅरलिन पुढच्या बोटीचे आराखडे काढत होती, हे वाचल्यावर मी वाद घालायचं थांबवतो. ती बोट पुढे खरंच झाली, आणि दोघं पुन्हा समुद्रात गेले. नाव: ऑरलिन २.